सर्व्हेअर येईपर्यंत

गेल्या वर्षी ऑफिसात माझ्या वाट्याला एक टेबल आलं. आमचा क्लायंट म्हणजे अमेरिकेतली एक विमा कंपनी. तिकडे वादळ आलं, घरांची छपरं उडाली, की नुकसान बघून आकडा काढायला कंपनी माणूस पाठवते. त्याला अ‍ॅडजस्टर म्हणतात. कुठल्या क्लेमवर कुठला अ‍ॅडजस्टर पाठवायचा, हे ठरवणारी सिस्टिम आम्ही बांधत होतो. मला वाटलं, रिक्षा बुक करण्यासारखंच असणार. जो जवळ आहे आणि मोकळा आहे तो पाठवायचा. दोन दिवसांचं काम.

मग एक्सेल शीट आली. पन्नास राज्यं आणि पन्नास तऱ्हा. टेक्सासचा परवाना असलेला माणूस फ्लोरिडात तसाच जाऊन काम करू शकत नाही, त्याला तिथला अनिवासी परवाना काढावा लागतो. बरीच राज्यं एकमेकांच्या परीक्षा मान्य करतात, पण न्यूयॉर्क आणि हवाई म्हणतात, आमचीच परीक्षा द्या. काही राज्यांत असा परवानाच नाही. तिथे राहणाऱ्याला बाहेर काम करायचं असेल तर त्याने दुसरं एखादं राज्य आपलं 'होम स्टेट' म्हणून निवडायचं. आणि मोठं वादळ आलं की आणीबाणीचा तात्पुरता परवाना, त्याची मुदत जिथे तिथे वेगळी. दोन दिवसांचे सात आठवडे झाले.

त्याच दरम्यान एका रविवारी मुलुंडहून घाटकोपरला, भटवाडीत मामाकडे गेलो होतो. जेवताना हे रडगाणं गायलो. मामा म्हणाला, "आमच्याकडे कोइम्बतूरचा माणूस आला होता की. त्याला कुणी अडवलं नाही." मग स्टुलावर चढून त्याने माळ्यावरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत २००५ ची फाइल होती. कागद चहात बुडवून वाळवल्यासारखे दिसत होते.

मामाचा साकीनाक्याला मोटर रिवाइंडिंगचा गाळा आहे. पंप, ग्राइंडर, पिठाच्या गिरण्या, छोटी मशीन्स यांच्या जळलेल्या मोटरी त्याच्याकडे येतात. तो जुनं वाइंडिंग काढून नवीन तांब्याची तार भरतो, वार्निश मारतो, भट्टीत भाजतो आणि परत देतो. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. मला आठवते ती शाळेतून लवकर मिळालेली सुट्टी आणि रात्रभर फोनपाशी बसलेली आई. तिचा भाऊ साकीनाक्यात होता आणि फोन लागत नव्हता.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यात ७४ च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या दिवसाची मुंबई कळते. मोठमोठ्या कचेऱ्या असलेल्या फोर्टात नेहमीसारखा पाऊस पडला आणि उपनगरं बुडाली. विहार आणि पवईकडून येणारी मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिना करत माहीमच्या खाडीला जाते. त्या दिवशी तिने वाटेत सापडेल ते आत घेतलं. साकीनाक्याजवळ दरड कोसळून सत्तरच्या आसपास माणसं गेली. मामाचा गाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. गाळ्यात पाणी छातीपर्यंत चढलं तेव्हा तो शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर जाऊन बसला आणि सत्तावीसला दुपारी चालत घरी आला. त्यानंतर आई दोन दिवस जेवली नाही, की जेवली आणि मला तसं वाटतंय, ते नक्की सांगता येत नाही.

पाणी ओसरलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. पालिकेच्या गाड्या कचरा उचलायला येत होत्या. लेप्टोची साथ पसरत होती. घाण साठवू नका, भिजलेलं सामान बाहेर काढा, असं सगळे सांगत होते. आणि विमा कंपनीतून सांगितलं गेलं की सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका. मामाच्या बाजूच्या गाळेवाल्याने सडलेल्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे पालिकेच्या गाडीत टाकले. नंतर ते होते हे सिद्ध करताना त्याच्या नाकीनऊ आले. मामाने हलवलं नाही. तो, मामी आणि एक कारागीर रोज जाऊन नाकाला रुमाल बांधून चिखलाच्या मधोमध उभे राहायचे. ओळखीच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून एक रीळ फोटो काढून घेतले. ते फोटो फाइलमध्ये आहेत. सगळा गाळा एकाच रंगाचा दिसतो, चॉकलेटी.

मामाने क्लेम २९ जुलैला कळवला. २००२ साली आलेल्या नियमांप्रमाणे कंपनीने बहात्तर तासांत सर्व्हेअर नेमायचा आणि त्याने तीस दिवसांत अहवाल द्यायचा. नेमणुकीची तारीख कागदावर वेळेतच पडली आहे. माणूस आला ९ ऑगस्टला. नाव लिहिण्याला बहात्तर तासांची मर्यादा होती, पोहोचण्याला नव्हती. त्याच्या यादीत तेव्हा चाळीसच्या वर पत्ते होते, असं त्यानेच मामाला सांगितलं.

मला प्रश्न पडला, एवढी वाट का बघावी लागली? कुणीही समजूतदार माणूस येऊन आकडा काढू शकला असता. गाळा छोटा होता, नुकसानही विमा कंपनीच्या हिशेबात चिल्लर होतं. याचं उत्तर १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली घातलेल्या एका कलमात आहे, ६४ यूएम.

त्याआधी नुकसान मोजणारा होण्यासाठी सरकारी परवाना लागत नसे. बोटींचा आणि मालाचा विमा, गोदामांना लागणाऱ्या आगी, हे मुंबईत जुनं काम होतं. ज्याच्या शब्दाला बाजारात वजन, तो मोजायचा. बोटींच्या धंद्यातूनच 'सर्व्हेअर' हा शब्द आपल्याकडे रुळला आणि पुढे मोटारसायकलपासून पिकापर्यंत सगळ्याला चिकटला. पण त्या काळी सर्वसाधारण विमा खासगी होता, शंभराच्या वर कंपन्या होत्या, आणि क्लेममध्ये काय काय चालतं याच्या तक्रारीही होत्या. १९७१ मध्ये सरकारने त्यांचा कारभार हातात घेतला आणि १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार झाल्या. १९६८ ची दुरुस्ती ही त्याच्या आधीची पायरी. कंपन्या सरकारच्या करायच्या नाहीत पण लगाम घालायचा, असा तो प्रकार. आधी हप्ता भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही, हा नियमही त्याच दुरुस्तीत आला.

या कलमाने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे परवाना कुणाला मिळेल याची यादी दिली. २६ ऑक्टोबर १९६८ या दिवशी जे हे काम आधीपासून करत होते ते सगळे पात्र. आमच्या भाषेत लेगसी युजर. मग चार्टर्ड अकाउंटंट, कॉस्ट अकाउंटंट, विम्याची पदविकावाले आणि इंजिनिअरिंगच्या कुठल्याही शाखेचा पदवीधर. हे वाचून मी जरा सुखावलो. मामाला म्हणालो, त्या कायद्याने मलाही परवाना मिळाला असता. तो म्हणाला, "मोटर उघडता येते का तुला?" (२००० सालच्या नियमांनी त्याला वर्षभराचं प्रशिक्षण आणि परीक्षा जोडली, एवढं मी त्याला सांगितलं. ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची इमारत आज वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. म्हणजे मिठीच्या काठीच.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नुकसान वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय क्लेम मंजूर करायचा नाही. १९६८ साली हे अगदी शहाणपणाचं होतं. तेव्हा सोनं तोळ्याला पावणेदोनशेच्याही आत होतं. वीस हजार म्हणजे किलोभराहून जास्त सोनं. एवढं नुकसान कारखान्याचं, नाहीतर गोदामाचं. तिथे जाणकार माणूस हवाच. पण तो आकडा कायद्याच्या मजकुरात लिहिलेला होता, आणि कायद्याचा मजकूर बदलायला संसद लागते. २००५ मध्ये वीस हजारात तीन तोळेही येत नव्हते. त्या जुलैत पाण्यात गेलेली जवळजवळ प्रत्येक कार, प्रत्येक किराणा दुकान, प्रत्येक झेरॉक्सवाला त्या रेघेच्या वर होता. ज्याला 'हार्डकोडेड व्हॅल्यू' म्हणतात आणि ज्यावरून कोड रिव्ह्यूत आम्हाला बोलणी बसतात, तोच प्रकार. सदतीस वर्षं कुणी हात लावला नाही. माझ्या मते मामाच्या गाळ्यातला चिखल दोन आठवडे तिथे राहिला त्याचं कारण परवाना नव्हतं, हा आकडा होता. तो कायद्यातून निघाला २०१५ मध्ये. त्यानंतरच्या नियमांत गाड्यांसाठी पन्नास हजार आणि बाकी नुकसानीसाठी एक लाख अशी मर्यादा आली.

पण त्याच कलमात एक गोष्ट नव्हती, आणि ती नसल्यामुळेच मामाकडे कोणीतरी आलं. परवाना कुठल्या राज्यात चालेल याबद्दल त्यात काहीच नाही. आपल्या राज्यघटनेत विमा हा विषय केंद्राच्या यादीत आहे, क्रमांक ४७. परवाना एकच, सगळ्या देशाचा. आधी तो केंद्राचा विमा नियंत्रक द्यायचा. २००० पासून तो विमा नियामक प्राधिकरणाकडून मिळतो. कोइम्बतूरच्या माणसाने रेल्वेचं तिकीट काढलं की झालं. मी सात आठवडे ज्या टेबलात डोकं घातलं होतं, ते टेबल भारतासाठी एका ओळीचं आहे.

अमेरिकेत ते पन्नास ओळींचं का, तर त्याच्या मुळाशी एका एजंटाला झालेला पन्नास डॉलर दंड आहे. सॅम्युएल पॉल नावाचा गृहस्थ व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग गावात न्यूयॉर्कच्या कंपन्यांचे आगीचे विमे विकायचा. १८६६ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या राज्यातल्या विमा कंपनीने आधी अनामत म्हणून रोखे ठेवायचे, मगच परवाना. त्याच्या कंपन्यांनी रोखे ठेवले नाहीत, परवाना मिळाला नाही, तरी त्याने पॉलिसी विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८६९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, विमा पॉलिसी विकणं हा राज्याराज्यांमधला व्यापारच नव्हे. म्हणजे केंद्र सरकारचा त्यात संबंध नाही, राज्याने हवं ते करावं. पंच्याहत्तर वर्षं हे चाललं. १९४४ साली न्यायालयाने मत बदललं आणि हा व्यापार आहे असं ठरवलं. तोवर राज्यांची यंत्रणा इतकी घट्ट बसली होती की पुढच्याच वर्षी अमेरिकन संसदेने कायदा करून विम्याचं नियमन राज्यांकडेच राहू दिलं. माझी एक्सेल शीट तिथून निघाली.

आपल्या २६ जुलैनंतर चौतीस दिवसांनी, २९ ऑगस्ट २००५ ला, लुइझियानाच्या किनाऱ्याला कॅटरिना धडकलं. न्यू ऑर्लिन्स बुडालं. त्या वेळी लुइझियानात अ‍ॅडजस्टरला परवानाच लागत नव्हता. बाहेरून कुणीही येऊन आकडे काढू शकत होतं, आणि आले. तो अनुभव घेतल्यावर त्या राज्याने २००६ मध्ये परवान्याचा कायदा केला. आमच्या टेबलातली लुइझियानाची ओळ त्यानंतरची. हे कळल्यावर मी त्या शीटवर वैतागणं थोडं कमी केलं. छप्पर उडालेल्या माणसाच्या दारात परका माणूस वही घेऊन उभा राहतो तेव्हा तो कोण, त्याला कुणी पाठवलं, तो चुकला तर कुणाकडे जायचं, हे विचारण्याचा त्या माणसाला हक्क असावा, एवढंच त्या पन्नास ओळींमागे असतं. पुढे नियम बोजड झाले ही गोष्ट वेगळी.

मामाच्या दारात उभा राहिलेला परका माणूस पन्नाशीचा होता, पायात रबरी चपला, खांद्यावर रेक्झिनची बॅग. अंधेरीला एका लॉजवर उतरला होता. इंग्रजी चांगलं, हिंदी मोडकं, मराठी शून्य. मामाला वाटलं होतं, बाहेरचा आहे, इंजिनिअर असला तरी पुस्तकातला असेल, बुडालेल्या मोटरी दाखवल्या की सगळं 'टोटल लॉस' लिहून जाईल. पण कोइम्बतूर म्हणजे पंप आणि मोटरींचंच गाव. त्या माणसाने आल्या आल्या एका मोटरचं कव्हर काढायला लावलं, आत बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "मेगर किधर है?"

मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. बुडालेली मोटर लगेच मरत नाही. ती उघडून स्वच्छ पाण्याने धुवायची, भट्टीत सुकवायची आणि मेगर लावायचा. रीडिंग आलं तर बेअरिंग बदलून, वार्निश मारून ती परत चालते. नाही आलं तर वाइंडिंग नवीन भरायचं. तांब्याच्या तारेला पाण्याने काही होत नाही, बिघडतो तो मधला कागद आणि स्लीव्ह. हे सगळं मामाला पाठ, कारण त्याचं पोटच त्यावर. आता तेच ज्ञान त्याच्या क्लेमच्या विरुद्ध उभं राहिलं. सर्व्हेअरने मोटरींची पूर्ण किंमत न लावता धुणं, भाजणं, बेअरिंग, वार्निश एवढाच खर्च धरला. तारेची रिळं धुऊन विकता येतील म्हणून त्यांची भंगार किंमत वजा केली. मामा म्हणतो, "मी काय भांडणार? मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो ना." मुंबईतला दुसरा कुणी गाड्या बघणारा सर्व्हेअर आला असता तर कदाचित जास्त मिळाले असते. पण ते बरोबर झालं असतं का, हे मामा अजून ठरवू शकलेला नाही.

अडलं ते रजिस्टरवर. गाळ्यात कुणाची कुठली मोटर आहे ते मामा मराठीत लिहायचा, तेही त्याच्या खास पद्धतीने. 'मारोळ गिरणी ५ एचपी जळकी', 'शेट्टी उडपी ग्राइंडर पुली ढिली'. पानं एकमेकांना चिकटलेली. मामीने घरी नेऊन एकेक पान इस्त्रीने सुकवलं होतं. तिने गाळ्याच्या पायरीवर बसून ते हिंदीत वाचून दाखवलं आणि त्या माणसाने इंग्रजीत लिहून घेतलं. दोन दुपारी गेल्या. परवान्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागते, भाषा लागत नाही. ती बाजू मामीने सांभाळली आणि अहवालात तिचा उल्लेख नाही.

त्या वाचनातून जे निघालं ते वाईट होतं. गाळ्यातल्या एकतीस मोटरी गिऱ्हाइकांच्या होत्या. मामाची पॉलिसी त्याच्या स्वतःच्या मशीन आणि मालाची. दुसऱ्याचा, सांभाळायला दिलेला माल त्यात धरायचा असेल तर तसं पॉलिसीत लिहून घ्यावं लागतं. ते लिहिलेलं नव्हतं. एकतीस ओळींपुढे सर्व्हेअरने बारीक अक्षरात शून्य लिहिलं आहे. मात्र पुराचं संरक्षण पॉलिसीत होतं. त्या काळी आगीच्या पॉलिसीतून वादळ-पूर वगळून हप्ता थोडा कमी करून घेता यायचा, आणि बरेच जण तसं करायचे. साकीनाक्यात पूर कुठून येणार? मामाने आळसाने वगळलं नव्हतं.

हिशेब असा झाला. भंगार आणि घसारा वजा जाता नुकसान १,६०,०००. पॉलिसी तीन लाखांची, पण गाळ्यातल्या मालाची खरी किंमत निघाली चार लाख. किंमत चार असताना विमा तीनचा, म्हणजे तुम्ही पाव हिस्सा जोखीम स्वतःकडे ठेवली असं धरतात. म्हणून तीन चतुर्थांश, १,२०,०००. त्यातून पुरासारख्या आपत्तीला ठरलेले किमान दहा हजार वजा. हातात १,१०,०००. पैसे डिसेंबरात आले.

हा आकडा शेवटचा नव्हता, हे तेव्हा मामाला कुणी सांगितलं नाही. सर्व्हेअरने काढलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम द्यायची मोकळीक १९६८ च्या कलमातच कंपनीला ठेवलेली आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की अहवाल आवश्यक असला तरी तो अंतिम शब्द नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात हेही सांगितलं की पहिला अहवाल आवडला नाही म्हणून कंपनीने कारण न देता दुसरा सर्व्हेअर नेमायचा नाही. मामाला हे मी परवा वाचून दाखवलं. तो म्हणाला, आता काय उपयोग.

एकतीस मोटरी मामाने फुकट करून दिल्या. त्याला होळीपर्यंतचा वेळ लागला. मजुरी सोडली, पण तार, कागद आणि वार्निश पदरचं. क्लेमच्या पैशातला बराचसा भाग त्यातच गेला. एका गिऱ्हाइकाने तेवढ्यात नवी मोटर घेतली होती, त्याने जुनी न्यायला यायचंच टाळलं. ती अजून गाळ्यात आहे.

सर्व्हेअरचं नाव अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे, खाली परवाना क्रमांक आणि मुदत. मी विचारलं, हा माणूस तुला आवडला की नाही? मामाला प्रश्न नीट कळला नाही. त्याला एवढंच आठवतं की तो चहा घ्यायचा नाही, स्वतःची पाण्याची बाटली आणायचा, आणि जाताना म्हणाला होता की पुढच्या वेळी गिऱ्हाइकांचा माल पॉलिसीत लिहून घ्या.

आता तो लिहिलेला आहे. मी पॉलिसी उघडून खात्री केली. गाळ्याच्या भिंतीवर पाण्याची २००५ ची रेघ मामाने लाल ऑइलपेंटने काढून ठेवली आहे, माझ्या खांद्याच्या किंचित खाली येते. तिच्या वर लोखंडी माळा मारून घेतलाय. दर वर्षी मे संपला की गिऱ्हाइकांच्या मोटरी चेनपुलीने वर चढतात आणि दसऱ्याला खाली येतात. स्वतःच्या तेवढ्या खालीच असतात, त्यांना वर जागा पुरत नाही.